अंधशिक्षण : शिक्षक व पुनर्वसनतज्ज्ञांचे प्रशिक्षण

दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींना शिकविणाऱ्या, तसेच त्यांना स्वतंत्र चलनवलनाचे धडे देणाऱ्या व्यावसायिकांचे पदवी-पदव्युत्तर शिक्षण. पुण्यात या कामाची परंपरा जुनी असून पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन ही संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालयही याच शहरात आहे.

चलनवलन प्रशिक्षणाच्या उगमाबाबत एकमत नाही. पांढऱ्या काठीचे श्रेय कोणी ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांना (१९२१) देतात, तर कोणी त्यानंतर सुमारे दशकभराने पॅरिसमध्ये झालेल्या प्रयत्नांना. मात्र ही काठी मुख्यतः इतरांना दिसावी अशी खूण होती. पावलागणिक पुढची जमीन चाचपण्याची लांब काठीची पद्धत रिचर्ड हूवर यांनी सुमारे १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी बसविली. प्रशिक्षणाचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. विद्यापीठीय अभ्यासक्रम १९६० मध्ये बॉस्टन कॉलेजात व पुढे वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात सुरू झाले.

भारतात या शिक्षणाचा मुख्य प्रवाह शिक्षक-प्रशिक्षणाचा राहिला; त्यामुळे चलनवलन हा विशेष शिक्षणाच्या बी.एड.मधील एक भाग ठरतो. या व्यवसायांचे नियमन करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेचा अधिनियम १९९२ चा असून परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. विशेष शिक्षणाचा बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला.

भारती ब्रेल (१९५१), म्हणजे भारतीय भाषांसाठीची उठावदार ठिपक्यांची लिपी, डोळस प्रशिक्षणार्थींना सुरुवातीस चकविते. पाटी व कलमाने टोचताना ओळ उजवीकडून डावीकडे जाते. वाचायला कागद उलटावा लागतो. ‘पि’मधील इकार उच्चारक्रमाने ‘प’नंतर येतो. उलट ‘पुस्तक’ लिहिताना पाय मोडल्याची खूण ‘स’च्या आधी द्यावी लागते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना मात्र स्वतंत्र चिन्हे आहेत. चलनवलनाच्या सरावात प्रशिक्षणार्थी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून चालतो. ही पट्टी तंत्र समजण्यापुरती उपयोगी. त्यावरून अंधत्वाचा अनुभव आला असे मानू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यानेही ३/६० पेक्षा (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे ३ मीटरवरून दिसणे) कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल, तर ते अंधत्व होय. अल्पदृष्टीची तपासणी व भिंगांची निवड हे ऑप्टोमेट्रिस्टचे (दृष्टी तपासणाऱ्या तज्ज्ञाचे) काम. पुण्यात भारती विद्यापीठात त्याचे शिक्षण मिळते.