श्रेडरमधून पडलेल्या कपट्यांचं पुढे काय?

एक कोरा कागद हाताने फाडा, दुसरा कात्रीने कापा आणि दोन्ही कडा उजेडासमोर धरा. कात्रीची कड सरळ, गुळगुळीत दिसेल. फाडलेल्या कडेवर मात्र बारीक पांढरी लव दिसेल. ती लव म्हणजे लाकडाचे तंतू. फाडताना ते एकमेकांपासून सुटतात आणि बरेचसे अखंड बाहेर येतात. कात्रीचं पातं मात्र वाटेत येईल तो तंतू तोडत जातं. श्रेडर म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कात्र्या. त्यातून पडलेल्या कपट्यांचा पुनर्वापर अवघड का होतो, याचं निम्मं उत्तर या कडेवरच दिसतं.

पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण 3 मिलिमीटर लांब असतो, तर निलगिरीसारख्या झाडांचा जेमतेम 1 मिलिमीटर. कागदात हे तंतू नुसते गुंतलेले नसतात, त्यांच्यातले सेल्युलोजचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी शिरलं की ही पकड सुटते, म्हणून तर भिजलेला कागद उचलताच फाटतो. कागद गिरणीत नेमका याचाच उपयोग करतात. रद्दी मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळून लगदा करतात, तो चाळून पिना आणि प्लॅस्टिक बाजूला काढतात. मग लगद्यातून हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. उरलेला लगदा जाळीवर पसरून, दाबून वाळवला की बंध पुन्हा जुळतात. छापील कागदापासून नवा कागद करण्याची कृती जर्मनीतल्या युस्टुस क्लाप्रोट यांनी 1774 मध्येच लिहून ठेवली होती.

प्रत्येक फेरीत तंतू थोडा आखूड आणि ताठर होतो. साधारण 5 ते 7 फेऱ्यांनंतर तो इतका तोकडा होतो की पाण्याबरोबर वाहूनच जातो. श्रेडर यातल्या काही फेऱ्या आधीच खर्चून टाकतो.

किती, याचा अंदाज आपल्यालाही बांधता येतो. 18 व्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक प्रश्न सोडवला होता. जमिनीवर समान अंतराच्या रेघा आखून वरून सुई टाकली, तर ती एखाद्या रेघेवर आडवी पडण्याची शक्यता किती? सुई त्या अंतरापेक्षा आखूड असेल, तर तिच्या लांबीच्या दुपटीला पाय (π, म्हणजे साधारण 3.14) आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागायचं. आता सुईच्या जागी तंतू धरा आणि रेघांच्या जागी पाती. पट्टी 4 मिलिमीटर रुंद असेल, तर 1 मिलिमीटरच्या शंभर तंतूंपैकी साधारण 16 तुटतील आणि 3 मिलिमीटरच्या शंभरांपैकी 48. पट्टी 1 मिलिमीटरची केली, तर आखूड तंतूही शंभरांपैकी 64 तुटतात. प्रत्यक्षात कागदातले तंतू बहुतांशी एका दिशेला कललेले असतात, त्यामुळे हे आकडे ढोबळच. पण साध्या श्रेडरच्या कपट्यांत चांगला माल शिल्लक असतो, एवढं यातून कळतं.

मग अनेक ठिकाणी कपटे नाकारतात ते कशामुळे? इथे अडचण तंतूंची नसते, कचरा वेगळा करणाऱ्या यंत्राची असते. त्यात मिश्र कचरा फिरत्या चकत्यांवरून पुढे सरकतो. मोठे, सपाट कागद वरून जातात आणि लहान वस्तू फटींतून खाली पडतात. यंत्राच्या लेखी कपटा ही एक लहान वस्तू. तो खाली काचेच्या तुकड्यांत जाऊन मिसळतो आणि तिथून त्याला वेचून काढणं कुणालाच परवडत नाही. वाऱ्याने उडतो, यंत्राच्या सरकत्या पट्ट्यांत अडकतो, ते वेगळंच. म्हणून कपटे सुटे टाकू नयेत. आपल्याकडचं पुनर्वापर केंद्र ते घेतं का, हे आधी विचारावं. घेत असेल तर बहुतेक वेळा ते कागदी पिशवीत भरून, तोंड दुमडून, पिन मारून द्यायचे असतात. पिनेचं ओझं बाळगू नका, गिरणीत ती निघते. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको.

पण माझं कळकळीचं सांगणं त्याच्याही आधीचं आहे: गरज असेल तेवढंच श्रेड करा. चार पानी पत्रात खाते क्रमांक एका कोपऱ्यात असतो. तेवढा तुकडा फाडून श्रेडरला द्या, बाकीची पानं अखंड रद्दीत जाऊ द्या. त्या तुकड्यात मात्र हयगय नको. 1979 मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासात श्रेडरमधून काढलेल्या कागदांच्या लांब पट्ट्या गालिचे विणणाऱ्या कारागिरांच्या मदतीने पुन्हा जोडल्या गेल्या होत्या. 2011 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, श्रेड केलेल्या कागदांची 5 कोडी घातली. तुकडे 10,000 हून जास्त होते आणि विजेत्या संघाने ती 33 दिवसांत सोडवली. म्हणून लांब पट्ट्यांपेक्षा आडवे-उभे कापणारा श्रेडर बरा. श्रेडरच्या मानकात पी-1 ते पी-7 अशा पायऱ्या आहेत. पी-4 मध्ये तुकडा जास्तीत जास्त 160 चौरस मिलिमीटरचा असतो, पी-7 मध्ये फक्त 5 चा. घरच्या कागदपत्रांना पी-4 पुरतो. त्याहून बारीक करत गेलो की तंतूंचा चुरा होतो आणि मग त्याचा कागद होणं कठीण.

ढिगात चुकीची वस्तू पडली तर ती नंतर वेचता येत नाही, म्हणून निवड आधीच हवी. खिडकीच्या पाकिटातलं प्लॅस्टिक, लॅमिनेट केलेली पानं आणि बँकेची जुनी कार्डं वेगळी ठेवा. गुळगुळीत थर्मल कागदावरच्या पावत्याही नकोत. नख ओढल्यावर काळी रेघ उठली की तो थर्मल कागद. त्याच्या लेपात बरेचदा बिस्फेनॉल ए किंवा तत्सम रसायन असतं, ते पुढच्या लगद्यात उतरतं.

कपटे जाळू नका. सुट्या कागदाला सगळीकडून हवा मिळते, तो भडकन पेटतो आणि जळते तुकडे वर उडतात. श्रेडर साफ करताना प्लग काढा आणि ज्वालाग्राही वायूवर चालणारे स्प्रे त्यावर मारू नका. मोटरच्या ठिणगीने तो वायू पेटू शकतो.

केंद्र घेत नसेल तर कंपोस्टचा मार्ग आहे. कंपोस्टमधल्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे 25 ते 30 भाग मानवतात. कागदात हे प्रमाण शंभराच्या पुष्कळ वर असतं, म्हणून कपट्यांच्या जोडीला भाज्यांच्या साली, ताजा पाला असं काहीतरी ओलं हवंच. जाड थर दिला तर तो भिजून चप्पट बसतो आणि खाली हवा पोचत नाही. मूठ-मूठ विस्कटून मिसळा. काही आठवड्यांनी एखादा कपटा उचलून बघा. काळपट पडून मातीसारखा भुरभुरत असेल, तर काम नीट चाललं आहे. अजून पांढराच असेल तर ढिगाला पाणी तरी कमी पडतंय, नाहीतर पाला.