उच्छ्वास दाब-सवलत

स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याच्या आजारासाठी, सीपॅप मशीन (मास्कमधून सतत दाबाची हवा देणारं) लावलेलं असताना श्वास बाहेर सोडतेवेळी मशीनने दाब थोडा उतरवायचा आणि आत घेताना परत चढवायचा, ह्या सोयीला उच्छ्वास दाब-सवलत म्हणतात. बोलताना बहुतेक जण एक्झेल रिलीफ नाहीतर सरळ ईपीआरच म्हणतात, पण ईपीआर हे रेसमेड कंपनीने आपल्या मशीनवरच्या सोयीला दिलेलं नाव आहे. फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीच्या मशीनवर सी-फ्लेक्स नावाची सोय असते आणि दोन्हींची पद्धत एकसारखी नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

ही सोय आली कुठून ह्यावर दोन मतं आहेत. कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये सिडनीहून लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात नाकावाटे सतत दाबाची हवा देण्याचा उपाय मांडला, त्यात आत-बाहेर दोन्ही वेळा दाब एकच. घसा उघडा राहिला पण श्वास सोडताना समोरून येणाऱ्या हवेवर जोर लावावा लागायचा, आणि मशीन नको म्हणणाऱ्यांची ही तक्रार आजही असते. मग 1990 मध्ये सँडर्स आणि कर्न ह्यांनी चेस्ट मासिकात दाखवलं की श्वास घेतानाचा आणि सोडतानाचा दाब वेगवेगळा ठेवला, सोडतानाचा कमी ठेवला, तरी घसा उघडा राहू शकतो; बायपॅप हे दोन दाबांचं मशीन ह्याच वाटेने पुढे आलं. म्हणून काही जण दाब-सवलतीला बायपॅपचंच छोटं रूप मानतात. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आलेल्या सी-फ्लेक्सच्या बाजूचे म्हणतात की ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिच्यात दाब श्वास सोडून संपायच्या आतच पूर्ववत होतो आणि पुढच्या श्वासाला मशीनचा धक्का मिळत नाही. दोन्ही पद्धतींचा दाबाचा आलेख शेजारी ठेवून बघितला तर एकच वंशावळ लावणं अवघड जातं. ईपीआर बायपॅपच्या जवळ बसतं आणि सी-फ्लेक्स सीपॅपच्या, असं म्हणणं जास्त पटतं.

हा वाद नुसता इतिहासाचा नाही. घसा बंद पडायच्या आधीच्या काही श्वासांत पडजिभेमागची जागा उच्छ्वासाच्या शेवटी शेवटी अरुंद होत जाते, असं एंडोस्कोपीने केलेल्या निरीक्षणांत दिसलंय. म्हणजे दाब किती उतरला ह्याइतकंच तो परत कधी चढला हेही महत्त्वाचं. सी-फ्लेक्समध्ये सवलत तुम्ही श्वास किती जोरात सोडता त्यावर ठरते, सुरुवातीला जोर जास्त तेव्हा सवलत जास्त, आणि हवेचा वेग मंदावला की दाब मूळ जागी येतो. ईपीआरमध्ये मात्र पुढचा श्वास आत घ्यायला लागेपर्यंत दाब खालीच असतो, फक्त श्वास थांबल्याचं मशीनला कळलं की सवलत बंद होऊन पूर्ण दाब परत येतो.

सेटिंग दोन्हीकडे 1, 2, 3 असंच असतं आणि घोटाळा इथेच होतो. ईपीआरचा आकडा म्हणजे तेवढे सेंटीमीटर पाणी इतका दाब: मशीन 10 वर लावलंय आणि ईपीआर 3 असेल तर सोडताना साधारण 7 मिळतं. सी-फ्लेक्सचा 3 म्हणजे 3 सेंटीमीटर नव्हे, ती नुसती कमी-मध्यम-जास्त अशी पायरी आहे, त्यामुळे एका कंपनीच्या मशीनवरून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जाताना आकडा तसाच उचलून चालत नाही. शिवाय मशीन 4 च्या खाली जात नाही, म्हणून दाब 5 असलेल्या माणसाने ईपीआर 3 ठेवलं तरी हातात 1 चीच सवलत पडते, आणि सेटिंग बदलूनही काही फरक जाणवत नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं. ईपीआर फक्त रॅम्पपुरतं, म्हणजे झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढत असतो तेवढ्याच वेळासाठी ठेवायचीही सोय असते.

फायद्याबद्दल सुरुवातीला आशा मोठी होती. 2005 मध्ये चेस्टमध्ये आलेल्या अभ्यासात सी-फ्लेक्सवाले रुग्ण मशीन जास्त तास वापरताना दिसले, पण त्यात रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून म्हणजे रँडम केलेली नव्हती. नंतरच्या रँडम चाचण्या एकत्र बघितल्या तर वापराच्या तासांत म्हणण्यासारखा फरक उरत नाही. म्हणून ही सोय निरुपयोगी ठरवणं मात्र घाईचं होईल, कारण सरासरी तास वाढले नाहीत तरी ज्याला श्वास सोडताना कोंडल्यासारखं होतं त्या एका माणसाला आराम पडू शकतो, आणि सोय मशीनमध्येच असल्याने करून बघता येते. पोटात हवा जाऊन फुगत असेल तरी काहींना उपयोग होतो.

जपायच्या गोष्टी दोन. ईपीआर वाढवल्यावर मशीनच्या रिपोर्टमध्ये एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा) वर जायला लागला तर सोडतानाचा दाब कमी पडतोय अशी शंका घ्यावी, अशा वेळी डॉक्टर सवलत कमी करतात किंवा मूळ दाब वाढवतात. दुसरं म्हणजे सेंट्रल ॲप्निया, ज्यात घसा उघडा असूनही श्वास थांबतो: दोन दाबांतल्या फरकाने श्वासाला मदत मिळते, कार्बन डायऑक्साइड जास्त धुतला जातो आणि ज्यांची श्वासाची लय मुळात नाजूक आहे त्यांच्यात मेंदूकडून श्वासाचा हुकूमच थोडा वेळ थांबू शकतो. असे ॲप्निया दिसले तर सवलत बंद करून काही रात्री रिपोर्ट बघायला सांगतात.

लोवेनस्टाइनचं सॉफ्टपॅप आणि बीएमसीचं रेसलेक्स ह्याच घराण्यातले. फिशर अँड पायकेलचं सेन्सअवेक वेगळं, ते दर श्वासाला दाब उतरवत नाही, माणूस जागा झाल्याचं ओळखून उतरवतं.