अंधुक आरसा आणि पोखरलेलं सलगम

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली हॅलोविनवर एक लांबलचक कविता लिहिली आणि तिला स्वतःच टीपा जोडल्या. कवितेपेक्षा त्या टीपाच मला जास्त मोलाच्या वाटतात. त्याच्या मुलखातली शेतकरी मंडळी ३१ ऑक्टोबरच्या रात्री काय काय करत, ते त्यांत बारकाईने नोंदवलेलं आहे. दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागणं त्यात नाही, भोपळाही नाही. बहुतेक सगळे खेळ एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आपलं लग्न कुणाशी होणार? डोळे मिटून मळ्यात जायचं आणि हाताला लागेल तो कोबीसारख्या पालेभाजीचा दांडा उपटायचा. दांडा सरळ तर जोडीदार देखणा, मुळाला माती चिकटलेली असेल तर पैसा येणार. चुलीत टणक कवचाची दोन फळं शेजारी शेजारी ठेवायची. एकत्र जळत राहिली तर जमलं, एखादं टणकन उडालं तर मोडलं.

आणि एक खेळ आरशाचा. मेणबत्ती घेऊन एकटीनेच आरशासमोर जायचं, सफरचंद खात राहायचं, काहींच्या मते केसही विंचरत राहायचे. थोड्या वेळाने होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा खांद्यावरून डोकावताना दिसतो म्हणे.

इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुतो यांनी जवळजवळ हाच खेळ प्रयोगशाळेत मांडला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. अंधारी खोली, पाठीमागे २५ वॅटचा मिणमिणता दिवा, समोर सुमारे ४० सेंटिमीटरवर आरसा. ५० जणांना एकेक करून बसवलं आणि सांगितलं, दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहा, मग काय दिसलं ते लिहा. बऱ्याच जणांना मिनिटभरातच काहीबाही दिसू लागलं. ६६ टक्के लोकांना आपला चेहरा भयंकर विद्रूप झालेला दिसला. २८ टक्के लोकांना कुणी अनोळखी माणूस दिसला, १८ टक्के लोकांना आई किंवा वडील, कधी हयात, कधी गेलेले. ४८ टक्के लोकांनी विचित्र, राक्षसी प्राण्यांची वर्णनं लिहिली. ही सगळी निरोगी माणसं होती, कुणी नशेत नव्हतं.

याची मुळं डोळ्याच्या एका जुन्या खोडीत आहेत. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ साली दाखवून दिलं की एका बिंदूवर नजर खिळवली की त्याच्या आजूबाजूच्या न हलणाऱ्या गोष्टी हळूहळू पुसट होत नाहीशा होतात. मज्जापेशी बदलाला प्रतिसाद देतात. तेच ते चित्र येत राहिलं की त्या थंडावतात. अंधुक उजेडात कडा आणि रंग मुळातच क्षीण असतात, त्यामुळे नाकाची रेघ, जिवणीचा कोपरा विरघळायला वेळ लागत नाही. आणि चेहरा ओळखण्यासाठी मेंदूत जी खास यंत्रणा आहे ती काही स्वस्थ बसत नाही. अर्धवट मिळालेल्या तुकड्यांतून ती चेहरा जुळवतच राहते. तो आपलाच असेल याची हमी नाही. कापुतोंच्या निरीक्षणांचं हे स्पष्टीकरण अजून पूर्ण मानता येत नाही, कारण नुसत्या पुसट होण्याने राक्षस का दिसावा हे त्यातून कळत नाही. पण मेणबत्ती, एकटेपण, रात्र आणि मनात आधीपासून घोळणारा कुणीतरी एवढं असलं, तर स्कॉटलंडमधल्या त्या मुलींना खांद्यामागे खरंच काहीतरी दिसत असणार, असं मला वाटतं. त्या थापा मारत नव्हत्या.

हे सगळं याच रात्री का, याचं उत्तर आयर्लंडच्या अक्षांशात आहे. २२ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात, २१ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान दिवस येतो. या दोहोंचा मध्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडतो. मुंबईत राहणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, कारण आपला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. डब्लिनमध्ये तो साडेसात तासांवर येतो. गवताची वाढ थांबते, उन्हाळी कुरणांवर नेलेली गुरं खाली आणावी लागतात, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापावी लागतात. जुन्या आयरिश वाङ्मयात वर्षाचे चार मोठे टप्पे सांगितलेत, त्यांतला हा ‘साविन’. त्या रात्री परलोकाची दारं उघडतात अशा कथा आहेत. रॉसकॉमन परगण्यात रॅथक्रोहन इथे एक अरुंद गुहा आहे, तिथून भयाण प्राणी बाहेर पडत असं त्या कथा सांगतात. गॉल लोक, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातले तेव्हाचे रहिवासी, काळ दिवसांऐवजी रात्रींनी मोजतात, असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय. सण आदल्या संध्याकाळीच सुरू होण्याची सवय त्या बाजूला जुनीच.

आता गोची अशी की या कथा ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी लिहून ठेवल्या, बहुतेक नवव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यान. त्यामुळे साविन हा मृतांचाच सण होता, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. चर्चने साविन गिळंकृत करण्यासाठी १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस ठेवला, ही कथा तर दरवर्षी ऑक्टोबरअखेर सगळीकडे छापून येते. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी तिच्यातली मेख दाखवली आहे. सुरुवातीच्या काळात आयर्लंडमधलं चर्च हा दिवस २० एप्रिलला पाळत असे. १ नोव्हेंबर ही तारीख इंग्लंड आणि जर्मन मुलखाकडून पसरली. म्हणजे जिथे साविन होता तिथून तारीख आलीच नाही. ८३५ साली फ्रँक साम्राज्यात ती पक्की झाली आणि पुढे अकराव्या शतकाच्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाने २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस जोडला. वसईतली आणि गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं त्या दिवशी थडग्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. ते हॅलोविनचं नक्कल-रूप नव्हे. हॅलोविनच या दिवसांची आदली संध्याकाळ. मृतांसाठी प्रार्थना करू, त्याबदल्यात छोटा केक द्या, असं म्हणत गरीब लोक इंग्लंडमध्ये घरोघर फिरत. दारावरच्या मागणीचं जे काही जुनं मूळ आहे ते बहुधा इथलं.

दिव्याची गोष्ट वेगळी. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये दिवा कोरत सलगमाचा. मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउन गावच्या एका सलगमी मुखवट्याचा प्लास्टरचा साचा ठेवलाय. खोल डोळे, विचकलेले दात, सुरकुतलेली कातडी. आजचा नारिंगी हसरा भोपळा त्याच्यापुढे बापडा वाटतो. या दिव्यामागे एका कंजूष जॅकची कथा सांगतात. स्वर्गाने नाकारला, सैतानालाही फसवल्यामुळे नरकाने घेतला नाही, म्हणून तो जळता निखारा सलगमात घालून कायमचा भटकतोय. दलदलीवर रात्री तरंगणारा निळसर उजेड तो हाच, असं लोक मानत. आपल्याकडे याला आग्यावेताळ म्हणतात आणि वाटसरूची वाट चुकवण्याचं कामही त्याच्याकडेच दिलेलं आहे.

दलदलीत कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन वायू निघतो, हे आलेसांद्रो व्होल्टाने १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठी बुडबुडे गोळा करून, ते पेटवून दाखवलं. पण त्या चिखलात काडी कोण लावतो? फॉस्फरसची काही संयुगं हवेत आपोआप पेट घेतात, म्हणून बराच काळ त्यांच्यावर संशय होता. २०२५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले रिचर्ड झेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं उत्तर मांडलं. पाण्यातून वर येणाऱ्या मिथेनच्या सूक्ष्म बुडबुड्यांवर विरुद्ध विद्युतभार साठतो, ते जवळ आले की त्यांच्यामध्ये बारीकशी ठिणगी उडते आणि वायू फारशी उष्णता न देता मंद निळसर चमकतो. आग्यावेताळाजवळ गेलं तरी पोळत नाही, असं जुनी वर्णनं सांगतात, ते या थंड उजेडाशी जुळतं. प्रयोग अर्थात प्रयोगशाळेतल्या पाण्यातला आहे, दलदलीतला नाही.

१८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांहून जास्त माणसं आयर्लंड सोडून गेली, त्यांतली बरीचशी अमेरिकेत. तिथे लाल भोपळ्याचे दिवे पोरं आधीपासूनच करत होती. ज्याने एकदा सलगम पोखरून पाहिलंय तो भोपळ्याकडे का वळला, हे सांगायला नको: आत पोकळी तयारच, गर मऊ. पण या भोपळ्याचा प्रवास हॅलोविनपेक्षा फार लांबचा आहे. त्याचे रानटी पूर्वज मुठीएवढे आणि जहर कडू असत. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा. कडू लागलेला दुधी टाकून द्या असं घरोघरी सांगतात, तेही याच द्रव्यामुळे. असली फळं खाऊन बिया पसरवणारं कोण होतं? अमेरिकेत सापडलेल्या मास्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याच्या हजारो वर्षं जुन्या शेणात या बिया मिळाल्या आहेत. २०१५ साली एका संशोधक गटाने दाखवलं की आकाराने मोठ्या सस्तन प्राण्यांत कडू चव ओळखणारी जनुकं कमी असतात, म्हणजे मास्टोडॉनला तो कडूपणा फारसा बोचत नसावा. हिमयुगाच्या अखेरीस हे प्राणी संपले आणि रानभोपळ्यांना वाली उरला नाही. तगले ते बरेचसे माणसाच्या हाती लागलेले. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्स गुहेत मिळालेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षं जुन्या आहेत. आपल्या भाजीतला लाल भोपळाही त्याच अमेरिकी घराण्यातला.

पोरांनी मुखवटे घालून ‘देता की खोडी काढू’ म्हणत दारं ठोठावणं हा प्रकार मात्र ताजा आहे. कॅनडा आणि अमेरिकेत तो रूढ झाला १९२०-३०च्या दशकांत. महायुद्धातल्या साखरेच्या टंचाईने मध्ये थांबला आणि १९५०नंतर फोफावला. मानसशास्त्रज्ञांना तर यात आयती प्रयोगशाळा मिळाली. मुलं स्वतःहून दारात येतात, चेहरे झाकलेले, कधी एकेकटी, कधी टोळीने. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी सिअॅटलमधल्या २७ घरांत १,३५२ मुलांचं लपून निरीक्षण केलं, शोधनिबंध १९७६चा. दार उघडणारी बाई सांगे, एकेकच गोळी घ्या, आणि आत निघून जाई. शेजारी सुट्ट्या नाण्यांचं भांडंही ठेवलेलं. काही मुलांना आधी नाव-पत्ता विचारला जाई, काहींना नाही. नाव सांगितलेल्या एकट्या मुलांपैकी ७.५ टक्के मुलांनी जास्त उचललं. नाव न विचारलेल्या, टोळीतल्या मुलांत हे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेलं.

याच चमूतल्या काहींनी १९७९ साली गोळ्यांच्या भांड्यामागे आरसा ठेवून पाहिला. नाव विचारलेल्या मुलांनी आरशात स्वतःला पाहिल्यावर हात बराच आवरता घेतला. ज्यांना नाव विचारलंच नव्हतं, त्यांच्यावर आरशाचा तसा परिणाम झाला नाही. मुखवटा घातला की माणूस स्वतःला विसरतो, असा या प्रयोगांचा अर्थ पाठ्यपुस्तकं लावतात. मला ते जरा भारदस्त वाटतं. नाव-पत्ता सांगितलेल्या पोराला उद्या आईपर्यंत तक्रार जाईल याची धास्ती असते, एवढ्यानेही हे आकडे बरेचसे समजतात.

मोठ्यांच्या धास्तीचं गणित याहून चुकलेलं आहे. अनोळखी माणसं गोळ्यांत विष घालतात, सफरचंदात पाती खुपसतात, या भीतीने अमेरिकेतले आईबाप कित्येक दशकं मुलांच्या पिशव्या उलट्या करून तपासताहेत. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना मिळालं नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एका मुलाला खरंच सायनाइड दिलं गेलं होतं, पण देणारा त्याचाच बाप निघाला, विम्याच्या पैशांसाठी.

धोका आहे तो रस्त्यावर. कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अपघातांची नोंद तपासली आणि ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळची तुलना एक आठवडा आधीच्या व नंतरच्या संध्याकाळींशी केली. पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका हॅलोविनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो दसपट होता, आणि सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या सुमाराची. अंधार नुकताच पडलेला, गाड्या घराकडे निघालेल्या, आणि रस्ता ओलांडणारी पोरं उभ्या गाड्यांच्या मधून अचानक बाहेर येणारी. उपाय म्हणून त्यांनी सुचवलेल्या गोष्टी साध्या आहेत: वस्तीत वेगमर्यादा कडक पाळा, त्या रात्री रस्त्याकडेला गाड्या कमी उभ्या करा, आणि मुलांच्या कपड्यांवर उजेडात चकाकणाऱ्या पट्ट्या शिवा. चेटकिणीचा काळा झगा शोभेल असा शिवणाऱ्या आयांना हा शेवटचा उपाय कितपत रुचतो, हा प्रश्नच आहे.