पूल किती फुटांचा, ते नंतर. आधी गाळा ठरवू

माढ्याहून, मोहोळहून, मंद्रूपहून फोन येतात. ओढ्यावर पूल टाकायचाय, फुटाला काय रेट? घराच्या स्लॅबला असा रेट सांगता येतो, पुलाला नाही. दोन्ही पूल चाळीस फुटी असले तरी खर्चात मोठा फरक पडू शकतो, आणि बहुतेक वेळा तो फरक गाळ्यामुळे पडतो.

माळवदाच्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती खणांचं हे विचारलं की घराचा अंदाज यायचा. पुलात दोन आधारांमधलं अंतर म्हणजे गाळा. इंजिनिअर त्याला स्पॅन म्हणतात. काठावरचा आधार अबटमेंट, पात्रातला पिअर. आधारांच्या आतल्या कडांमधलं अंतर हा मोकळा गाळा. डिझाइनसाठी धरायचा गाळा त्याहून थोडा जास्त असतो. बेअरिंग (आधारावर ठेवलेली, गाळा जिच्यावर टेकतो ती बैठक) असेल तर तो बेअरिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. दोन कोटेशनं शेजारी ठेवाल तेव्हा कोणी कोणता गाळा लिहिलाय ते बघा.

समजा, ओढा १२ मीटर रुंद आहे. एकच गाळा, की ६-६ मीटरचे दोन? मीटरमागे भार तोच धरला तरी गाळा दुप्पट झाला की मधोमध वाकवणारा जोर चौपट होतो. जाडी तीच ठेवली तर झोल सोळापट. म्हणून जाडी वाढवायची, तर स्लॅबचं स्वतःचंच वजन वाढतं आणि ते पेलायला पुन्हा लोखंड लागतं. साधा भरीव स्लॅब साधारण १० मीटरपर्यंतच परवडतो, पुढे गर्डर, म्हणजे स्लॅबखाली खोल तुळया, घ्यावे लागतात.

मग पिअरच वाढवू? पिअर वर दिसतो त्याहून जास्त पैसा जमिनीत जातो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवायचा नाही. कडक मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खाली जायचं, पाणी उपसत. पाषाण वरच लागला तर छोटे गाळे स्वस्त पडतात, खोल गेला तर मोठे. एका पिअरचा पायासकट खर्च आणि एका गाळ्याच्या वरच्या कामाचा खर्च जवळपास सारखे होतात, तिथे एकूण पूल स्वस्तात बसतो. म्हणून चाचणी खड्डा घेतल्याशिवाय आम्ही आकडा देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, चालतं.

एक जण म्हणाले, काश्मीरच्या रेल्वेसाठी चिनाब नदीवर ४६७ मीटरची कमान एका झेपेत टाकली, मग आमच्या ओढ्यात खांब कशाला? तिथे पूल पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. एवढ्या खोल दरीत खांब उभे करण्यापेक्षा कमान सोयीची. तुमच्या ओढ्यात मे महिन्यात बकऱ्या चरतात.

पैशाआधी पाणी बघायचं, हे आम्ही चूक करून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात मालकाचा खर्च वाचवायला पुलाऐवजी सिमेंटचे दोन पाइप टाकले. पहिल्याच मोठ्या पावसात पाचट आणि बाभळीच्या फांद्या तोंडाशी अडकल्या, पाणी बाजूने वळलं आणि भराव कापून गेलं. पाइप जागेवर, रस्ता गायब. तो भराव आम्ही पदरचे पैसे घालून केला. तेव्हापासून झाडोरा वाहून येणाऱ्या ओढ्यावर आम्ही रुंद गाळाच सुचवतो, थोडा महाग पडला तरी. जमीन मऊ असेल तर बॉक्स, म्हणजे तळ, भिंती आणि छत एकसंध असलेली काँक्रीटची पेटी. त्याचा तळाचा स्लॅब भार पसरवतो.

गाळ्यांच्या सांध्यात ठेवलेली फट सिमेंटने बुजवू नका. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर २० मीटरचा काँक्रीटचा गाळा सुमारे ७ मिलिमीटर लांबतो, आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच.

भेटायला येताना तीन गोष्टी सांगा: पुराचं पाणी कुठवर चढलं होतं (गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, झाडावरची खूण दाखवतील), पुलावरून सर्वांत जड काय जाणार (उसाच्या दोन ट्रॉल्या की हार्वेस्टरही), आणि जवळच्या विहिरीत पाषाण किती फुटांवर लागला. ओढ्याचं पात्र सरकारी असतं, तेव्हा परवानगीचं तहसीलमध्ये आधी विचारून ठेवा. जागा बघायला आम्ही उन्हाळ्यात येतो, पात्र कोरडं असताना.