अश्रू आणि निरोप (ख्रिस्ती विचार)

जिवाभावाच्या माणसाला निरोप देताना रडावे की रडू नये, हा ख्रिस्ती धर्मचिंतनातील एक जुना पेच. मृत पुन्हा उठणार असतील तर शोक कशाला, हे त्याचे मूळ. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले. शोकच करू नका, असे मात्र तो म्हणाला नाही. खुद्द त्याने मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांचा निरोप घेतला तेव्हा ते त्याच्या गळ्यात पडून रडले. याचे तोंड पुन्हा दिसणार नाही, हे त्यांना सर्वांत जास्त लागले होते.

योहानाच्या शुभवर्तमानातील ‘येशू रडला’ (११:३५) हे दोन शब्दांचे वचन या चर्चेत सतत येते. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवायला निघालेला येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडतो. मूळ ग्रीकमध्ये लाजराची बहीण मरीया हिच्या रडण्यासाठी आक्रोशाचे क्रियापद आहे, येशूसाठी नुसती आसवे गाळण्याचे. चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोमने भाड्याच्या रडणाऱ्या बायकांवर कोरडे ओढले, पण येशूच्या या आसवांमुळे त्यालाही अश्रू सरसकट निषिद्ध ठरवता आले नाहीत.

सर्वांत प्रांजळ साक्ष धर्मचिंतक ऑगस्टीनची आहे. आई मोनिका त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रडली होती. इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणार नाही, असा धीर तिला एका बिशपाने दिला होता. ३८३ मध्ये तिला खोटे सांगून, कार्थेजच्या किनाऱ्यावर मागे ठेवून तो रात्रीच रोमकडे निघून गेला. सकाळी तिने किनाऱ्यावर आकांत केला. पुढे ३८७ मध्ये, त्याने बाप्तिस्मा घेतल्यावर काही महिन्यांतच, आफ्रिकेला परतताना ओस्टिया बंदरात ती तापाने वारली. तेव्हा तिला छप्पन्नावे वर्ष चालू होते. ऑगस्टीनचा मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला तसे सगळ्यांनी त्याला गप्प केले. सोबत असलेल्या एव्होडियस या मित्राने स्तोत्रे म्हणायला घेतली. ऑगस्टीनने डोळे कोरडे ठेवले, दफनाच्या वेळीही. मन हलके व्हावे म्हणून तो स्नानगृहात गेला. दुःख काही धुतले गेले नाही. झोपून उठल्यावर मात्र, मिलानचा बिशप आंब्रोझ याचे एक गीत आठवत असताना, बांध फुटला. तासाचा थोडासा भाग आपण रडलो, असे तो ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात लिहितो. हे पाप वाटेल त्याने मला हसू नये, माझ्या पापांसाठी रडावे, अशी विनवणीही करतो. हा हिशेबीपणा आजच्या वाचकाला विचित्र वाटेल; पण रडल्याची लाज आणि रडल्याने मिळालेला विसावा एकाच परिच्छेदात कबूल करणारे असे लेखन प्राचीन साहित्यात विरळाच.

क्लेरव्होचा मठाधिपती बर्नार्डही भाऊ जेरार्डच्या दफनात (११३८) असाच कोरड्या डोळ्यांनी उभा होता. नंतर बायबलमधील गीतरत्न या पुस्तकावरील प्रवचन चालू असताना तो मध्येच थांबला आणि भावासाठी विलाप करू लागला.

पतीशेजारी पुरले जावे, ही मोनिकेची जुनी इच्छा. शेवटी ती म्हणाली, हा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मृतांसाठी मिस्सा (वेदीवरील उपासना) अर्पण करण्याच्या प्रथेचा हा एक जुना दाखला. मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, वसई-गोव्याच्या कबरस्तानांत मेणबत्त्या लागतात, त्यामागेही हीच भावना आहे. मोनिकेच्या कबरीवरील लॅटिन लेखाचा एक तुटका तुकडा १९४५ मध्ये ओस्टियात जमीन खणताना सापडला.