तुमचं पेटंट लिहिणारा माणूस काय शिकलेला असतो?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पहिल्या भेटीला येणारे बरेच जण मनाशी धरून येतात, की पेटंट म्हणजे कायद्याचं काम, तेव्हा समोर वकील बसलेला असणार. मग टेबलापलीकडची रसायनशास्त्रातली एम.एस्सी. झालेली बाई ‘सॉल्ट स्प्रेचे रिपोर्ट आणलेत का?’ असं विचारते (सॉल्ट स्प्रे म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा मारून घेतलेली गंजाची चाचणी), तेव्हा ते जरा चमकतात. आमच्याकडे अशी माणसं का बसतात आणि त्याचा तुमच्या अर्जाला काय उपयोग, हे या पत्रकात सांगितलं आहे.

नोंदणी कोणाला मिळते?

पेटंट कायदा, १९७० च्या कलम १२६ नुसार पेटंट एजंट, म्हणजे तुमचा अर्ज लिहून पेटंट कार्यालयात बाजू मांडणारा नोंदणीकृत माणूस, व्हायचं तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतली पदवी लागतेच. शिवाय भारताचं नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण आणि पेटंट कार्यालयाची पात्रता परीक्षा. पेटंट कार्यालयात एक्झामिनर (अर्ज तपासणारा अधिकारी) किंवा कंट्रोलर (अर्जावर निर्णय देणारा अधिकारी) म्हणून एकूण १० वर्षं काम करून बाहेर पडलेल्यांना परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणजे बी.कॉम. करून एलएल.बी. झालेल्या हुशार वकिलालाही या परीक्षेला बसता येत नाही आणि कायद्याची पदवी नसलेला बी.एस्सी. मात्र बसू शकतो. पाट्यांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर ‘पेटंट अ‍ॅटर्नी’ असं दिसतं, पण सरकारी नोंदवहीत नाव असतं ते पेटंट एजंट म्हणून.

परीक्षेत दोन लेखी पेपर आणि एक तोंडी असते. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, दुसरा स्पेसिफिकेशन (म्हणजे शोधाचं सविस्तर लेखी वर्णन) लिहिण्याचा आणि वाचून अर्थ लावण्याचा. दोन्ही लेखी पेपरांत किमान ५० टक्के आणि सगळं मिळून ६० टक्के गुण लागतात. कायदा पाठ करता येतो. खरी परीक्षा दुसऱ्या पेपरात होते, कारण तिथे न पाहिलेलं यंत्र किंवा न पाहिलेलं रसायन समोर येतं आणि त्यातलं नवं नेमकं काय, हे घड्याळ लावून लिहावं लागतं.

विज्ञान नेमकं कुठे लागतं?

समजा, भोसरीतल्या एका उद्योजकाने लोखंडी भागांसाठी गंजरोधक लेप तयार केला. नेहमीच्या रेझिनमध्ये (लेपाचा मूळ चिकट पदार्थ) त्याने दोन घटक घातले. दोन्ही बाजारात मिळणारे, दोन्ही जुनेच. पण एकत्र घातल्यावर लेप दिलेली लोखंडी पट्टी सॉल्ट स्प्रेमध्ये ५०० तास टिकली. तो खूश आहे आणि उद्याच अर्ज करायचा म्हणतो.

इथे आमचा पहिला प्रश्न असतो: फक्त पहिला घटक घातलेली पट्टी आणि फक्त दुसरा घातलेली पट्टी चाचणीला ठेवली होती का? कलम ३(ई) प्रमाणे ज्या मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होते, त्याला पेटंट मिळत नाही. एकेकटे घटक १२० आणि १५० तास टिकत असतील आणि दोन्ही मिळून ५००, तर बेरजेपलीकडचं काहीतरी घडलंय हे कागदावर दिसतं. एकेकट्या पट्ट्या ठेवल्याच नसतील तर ५०० चा आकडा एकटा पडतो आणि एक्झामिनरला तो पटवणं अवघड जातं. अशा वेळी आम्ही आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करून अर्जाची तारीख पदरात पाडून घेतो आणि संपूर्ण स्पेसिफिकेशनसाठी मिळणाऱ्या १२ महिन्यांत राहिलेल्या चाचण्या करून घ्यायला सांगतो. संपूर्ण स्पेसिफिकेशन एकदा दाखल झालं, की त्यात नवा मजकूर घुसवायला कायदा परवानगी देत नाही.

दुसरा प्रश्न घटकाच्या प्रमाणाचा. ग्राहक म्हणतो, ‘१२ टक्केच लिहा, आमचा फॉर्म्युला तोच आहे.’ तसं लिहिलं तर शेजारच्या गाळ्यातला माणूस ११ टक्के घालून मोकळा होईल. उलट १ ते ९० टक्के लिहिलं तर जुन्या कुठल्यातरी शोधनिबंधातलं मिश्रण त्या मर्यादेत सापडतं आणि सगळाच दावा (क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणारं वाक्य) कोसळतो. ८ ते १५ म्हणायचं असेल तर ८ ला काय झालं आणि १५ ला काय झालं, हे दाखवता यायला हवं. हे आकडे ठरवायला रेझिनशी ओळख लागते, कायद्याच्या पुस्तकातून ते निघत नाहीत.

तिसरा प्रश्न गप्पांच्या ओघात येतो: ‘भट्टीत घालण्याआधी पट्टी किती वेळ वाळवता?’ उत्तर बऱ्याचदा ‘अहो, ते तर सगळेच करतात’ असं मिळतं. तिथेच पुढे खोदावं लागतं, कारण खरी करामत अनेकदा त्या वाळवण्यात असते. कलम १० नुसार अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करावी लागते. ती दडवली तर मिळालेलं पेटंटही पुढे त्याच कारणावरून रद्द होऊ शकतं.

तुमचा अर्ज तपासणारा एक्झामिनरही विज्ञान किंवा अभियांत्रिकीचाच पदवीधर असतो. त्याच्या पहिल्या तपासणी अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर नुसतं कलमांच्या भाषेत दिलं तर त्याचे आक्षेप जिथल्या तिथेच राहतात.

हळदीचं प्रकरण

पेटंट अभ्यासाच्या जोरावर पाडताही येतं. जखमेवर हळद लावण्याबद्दल १९९५ मध्ये अमेरिकेत एक पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ‘आमच्या आजीला हे माहीत होतं’ एवढं सांगून काही झालं नसतं. जुने छापील पुरावे पुढे ठेवावे लागले आणि त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. असा लेख कुठे सापडेल आणि पेटंटच्या कुठल्या दाव्याला तो लागू पडेल, हे शोधणं विज्ञान शिकलेल्याचं काम.

जाता जाता एक. झेरॉक्सचं तंत्र शोधणारा चेस्टर कार्लसन हा भौतिकशास्त्राचा पदवीधर, न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात होता. पेटंटच्या प्रती हव्या तेव्हा मिळत नाहीत याला तो वैतागला होता. रात्री कायद्याचं कॉलेज करता करता त्याने १९३८ मध्ये पहिली कोरडी प्रत काढली. आमच्या कार्यालयातलं झेरॉक्स मशीन अडकलं की त्याचं नाव निघतंच.

आमची पदवी जिथे पुरत नाही

यंत्र अभियंत्याने जैवतंत्रज्ञानाचा अर्ज अंगावर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमचा विषय आमच्या माणसांच्या शिक्षणात बसत नसेल तर आम्ही पहिल्या भेटीतच तसं सांगतो आणि दुसरीकडे जायला सुचवतो.

पेटंट एजंट कंट्रोलरसमोर तुमची बाजू मांडू शकतो, पण नक्कल करणाऱ्यावर खटला भरायचा असेल तर तो जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या न्यायालयात चालतो आणि तिथे वकील लागतो. आणखी एक गोष्ट: वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्याचं जे संरक्षण आहे, ते नुसत्या पेटंट एजंटला स्पष्टपणे दिलेलं नाही. म्हणून गोपनीयतेच्या करारावर सही झाल्याशिवाय आम्ही तुमची फाइल उघडत नाही. तुम्हीही सही झाल्याशिवाय ती उघडू देऊ नका, कार्यालय कुठलंही असो.

येण्याआधी

कोणाकडेही जा, पण नोंदणी क्रमांक मागा. तो ‘आयएन/पीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत पडताळता येतो. पदवी कोणत्या विषयातली, हेही बिनदिक्कत विचारा.

येताना फसलेल्या चाचण्यांची वहीसुद्धा घेऊन या. काय केलं की बिघडतं, यावरूनच कधी कधी शोध कळतो. बोलणं मराठीत होईल. कागदपत्रं मात्र इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावी लागतात. आम्ही ती इंग्रजीत लिहितो आणि दावे तुम्हाला ओळीनओळ मराठीत समजावून मगच दाखल करतो. सरकारी अर्ज शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ८,०००. आमचं शुल्क वेगळं, ते आधी लेखी कळवतो.

माल एखाद्या प्रदर्शनात मांडला असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला असेल किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला नमुना दिला असेल, तर ती तारीख सगळ्यांत आधी सांगा, कारण अर्जाआधी शोध उघड झाला तर त्याचं नवेपण धोक्यात येऊ शकतं. बाकीचं नंतर.