अडीच सेंटिमीटरचे गणित

पुण्यात टेल्कोच्या आवारात 1995 साली मर्सिडीज-बेंझची भारतात जुळवलेली पहिली मोटार तयार होऊ लागली. डब्ल्यू-124 या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी ती ई-क्लास सेदान जर्मनीत 1984च्या अखेरीस अवतरली होती, त्यामुळे आपल्याकडे आली तेव्हाच ती उतारवयात होती. तरीही जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये तिला आजही मान आहे, आणि तो प्रामुख्याने तिच्या चालीसाठी आहे. अशा गाडीच्या मालकाला कधी ना कधी एक मोह होतोच: टायर आणि मडगार्डची कमान यांच्यातली मोकळी जागा कमी करून गाडी थोडी खाली बसवावी, पण तिची मऊ चाल मात्र जाऊ नये. या दोन इच्छा एकमेकींच्या वैरी आहेत, असे सर्रास सांगितले जाते. ते एका मर्यादेपलीकडे खरे आहे, आणि ती मर्यादा साधारण कुठे येते हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारेही काढता येते.

चाल मऊ वाटते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. स्प्रिंगवर ठेवलेले कोणतेही वजन स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने वरखाली होते. साध्या सेदानमध्ये ही वारंवारता सेकंदाला सुमारे 1 ते 1.5 आवर्तने, म्हणजेच 1 ते 1.5 हर्ट्झ, ठेवलेली असते. माणसाच्या पावलांची लय याच्या आसपासच असल्याने शरीराला ती परकी वाटत नाही. याउलट 4 ते 8 हर्ट्झ या पट्ट्यातली उभी कंपने बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास देतात, कारण धड आणि पोटातील अवयव याच सुमारास जोराने साथ देऊ लागतात. सस्पेन्शनचे काम हा पट्टा शक्यतो गाळून टाकण्याचे असते.

ही वारंवारता ओळखायला एक सोपी मोजपट्टी आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी मोजल्यास किती दबली आहे, एवढे कळले की वारंवारता कळते. गाडीचे वजन वेगळे ठाऊक असण्याची गरज नसते. 25 सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग 1 हर्ट्झ देते, 17 सेंटिमीटर दबलेली 1.2 हर्ट्झ, 11 सेंटिमीटर दबलेली 1.5 हर्ट्झ, आणि जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर दबलेली 2 हर्ट्झ. मऊ गाडी आपल्या स्प्रिंगमध्ये खोलवर बसलेली असते. यातून एक गमतीशीर निष्कर्ष निघतो. तेवढ्याच लांबीची, पण अधिक कडक स्प्रिंग घातली तर गाडी खाली न जाता उलट वर उठते. 1.2 हर्ट्झच्या गाडीला 20 टक्के कडक स्प्रिंग दिली, तर दाब 17 वरून सुमारे 14 सेंटिमीटरवर येतो. म्हणून गाडी अडीच सेंटिमीटर खाली हवी असेल, तर नवी स्प्रिंग चाकापाशी मोजून पाच सेंटिमीटरहून जास्त आखूड लागते. बदललेली वारंवारता मात्र फक्त 1.3 हर्ट्झ होते, आणि एवढा फरक पाठीमागे बसलेल्या आजोबांना जाणवेलच असे नाही.

मग खाली केलेल्या गाड्या इतक्या का आदळतात? याचे उत्तर स्प्रिंगच्या कडकपणापेक्षा चाकाला वर सरकायला उरलेल्या वावात आहे. चाक जास्तीत जास्त वर आले की शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यावरचा रबरी किंवा फोमचा ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, दाबला जातो आणि त्या क्षणी सस्पेन्शनचा कडकपणा एकदम कित्येक पट वाढतो. जो दणका पाठीला बसतो, तो बहुतेक वेळा या ठोकळ्याचा असतो. समजा, मूळ गाडीत हा वाव 80 मिलिमीटर होता. गाडी 40 मिलिमीटर खाली घेतली तर निम्माच वाव उरला. खड्ड्यातून येणारी ऊर्जा तेवढीच आहे, आणि स्प्रिंग जी ऊर्जा साठवते ती दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून निम्म्या वावात तीच ऊर्जा सामावायची तर चौपट कडक स्प्रिंग लागेल आणि वारंवारता दुप्पट होईल. 1.2 चे 2.4 हर्ट्झ झाले की ती शर्यतीची गाडी झाली. गाडी 25 मिलिमीटरच खाली घेतली तर हाच हिशेब सुमारे 2.1 पट कडकपणा आणि 1.75 हर्ट्झ सांगतो. प्रत्यक्षात एवढीही कडक स्प्रिंग कोणी घालत नाही. स्प्रिंग 15 ते 25 टक्के कडक करायची, क्वचित येणारा मोठा धक्का हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या फोमच्या बंप स्टॉपवर सोडायचा आणि गतिरोधकावर वेग थोडा कमी ठेवायचा, अशी तडजोड केली जाते. अडीच सेंटिमीटरपर्यंत ती जमते. चार सेंटिमीटरच्या पुढे ती जमल्याचे जे दावे ऐकू येतात, त्यांवर माझा विश्वास नाही.

या बाबतीत कारखान्याचाही कौल जवळपास तोच होता. मर्सिडीजने याच गाडीसाठी स्पोर्टलाइन नावाचा पर्याय दिला होता. त्यात गाडी सुमारे अडीच सेंटिमीटर खाली बसत असे आणि स्प्रिंगांबरोबर शॉकअॅब्सॉर्बरही बदललेले असत. शॉकअॅब्सॉर्बर बदलणे ही चैन नव्हे. स्प्रिंगचे झुलणे विझवण्यासाठी लागणारे अवमंदन कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. स्प्रिंग 25 टक्के कडक झाली तर अवमंदन सुमारे 12 टक्के जास्त हवे. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत मूळ शॉकअॅब्सॉर्बरने स्वतःचीच ताकद गमावलेली असते, तो आणखी बारा टक्के कुठून आणणार? शिवाय नेहमीच्या लांबीचा शॉकअॅब्सॉर्बर खाली बसवलेल्या गाडीत आपल्या मधल्या जागेऐवजी तळाजवळ काम करू लागतो, म्हणून आखूड धडाचा घ्यावा लागतो. दांडा परत बाहेर येतानाचे अवमंदन वाजवीपेक्षा जास्त ठेवले तर आणखी एक दुखणे उद्भवते. लागोपाठ खड्डे आले की चाकाला पूर्ण खाली यायला वेळ मिळत नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली खाली बसत जाऊन शेवटी ठोकळ्यावर टेकते. कडकपणाच्या नावाने विकले जाणारे बरेच संच याच कारणाने आपल्या रस्त्यांवर फसतात.

स्प्रिंग कापण्याचा उपाय आपल्याकडे अजून सांगितला जातो, म्हणून त्याचेही गणित पाहावे. गुंडाळी स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठांपैकी एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते, आणि हा आकडा तसा वाईट नाही. अडचण दुसरीकडे आहे. कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, चाक पूर्ण लोंबकळले की आखूड स्प्रिंग सैल पडून जागेवरून सुटू शकते, आणि गॅसकटरने कापल्यास उष्णतेने पोलादाचे पाणीच उतरते. स्प्रिंग तापवून बसवण्याचा प्रकार तर याहून घातक आहे, कारण त्यात किती भाग मऊ पडला हे कोणालाच कळत नाही.

डब्ल्यू-124 च्या मालकाला याहून सभ्य मार्ग कारखान्यानेच ठेवून दिला आहे. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला रबराची एक जाड चकती असते आणि तिच्यावर लहान उंचवटे असतात. एक उंचवटा असलेली पुढची चकती 8 मिलिमीटर जाड, दोन असलेली 13, तीन असलेली 18 आणि चार असलेली 23 मिलिमीटर. वेगवेगळ्या सामग्रीमुळे गाड्यांच्या वजनात पडणारा फरक भरून काढायला ही सोय होती. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअॅब्सॉर्बरभोवती नसून लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर, चाकाच्या आतल्या बाजूला बसते. त्यामुळे चकती 5 मिलिमीटरने पातळ केली तर चाकापाशी गाडी त्याहून जास्त उतरते. यात स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, वारंवारता बदलत नाही, खर्च होतो तो फक्त थोडासा वाव. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हवा असेल तर माझ्या मते याच्यापुढे जाण्याचे कारण नाही.

चालीचा आणखी एक पैलू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मॉरिस ओली हे अभियंते रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेले, आणि तिथे 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका गाडीवर सरकवता येणारी वजने लादून, पुढच्या-मागच्या स्प्रिंगा बदलत चालीचे प्रयोग केले. पुढची वारंवारता मागच्यापेक्षा थोडी कमी असली की चाल सपाट वाटते, हे त्यांतून स्पष्ट झाले. कारण सरळ आहे. डब्ल्यू-124 ची पुढची आणि मागची चाके 2.8 मीटर अंतरावर आहेत, म्हणजे ताशी 60 किलोमीटर वेगाला पुढच्या चाकाने खाल्लेला उंचवटा मागच्या चाकाला सुमारे 0.17 सेकंद उशिरा लागतो. मागचे टोक थोडे जलद झुलले तर ते पुढच्याला लवकरच गाठते आणि गाडी नाकशेपटीने डुलण्याऐवजी एकसंध वरखाली होते. केवळ पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की हा मेळ मोडतो, आणि प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्रपणे मऊ असूनही प्रवाशाची मान हलत राहते.

गाडी खाली गेली की वळणावर ती कमी कलेल, हा समजही तपासून घ्यावा लागतो. गुरुत्वमध्य खाली जातो हे खरे, पण लाभ बेताचा आहे. 52 सेंटिमीटरवरचा गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटर उतरला तर आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार पाच टक्क्यांच्या आसपास घटतो. मात्र ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर लोअर आर्मच्या कोनावर अवलंबून असतो, आणि या प्रकारच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये आर्म आडवा होऊन आतल्या टोकाकडे उतरू लागला की तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त घसरतो. दोन्हींमधले अंतर वाढले म्हणजे कलवणारी तरफ लांबली. फार खाली केलेली गाडी म्हणूनच कधीकधी मूळ गाडीपेक्षा जास्त कलते, आणि ते लपवायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार जाड करावा लागतो, जो एकाच चाकाखाली आलेल्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो. मागे पाच दांड्यांचे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे. गाडी उतरली की त्यात चाकांची वरची बाजू आत झुकते आणि टायरची आतली कड आधी झिजते.

जुन्या गाडीत यापेक्षाही आधी पाहायला हवेत ते बुश. लोअर आर्मचा बुश हा दोन नळ्यांमध्ये चिकटवलेला रबर असतो. आर्म हलतो तेव्हा तो फिरत नाही, पिळला जातो. त्याचा बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या स्थितीत ताणमुक्त राहतो आणि गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला राहतो. मग तो स्वतःच एक जादा स्प्रिंग बनतो, गाडीला हवी तेवढी खाली बसू देत नाही, चाल कडक करतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी सैल ठेवून, चाकांवर पूर्ण वजन आल्यावर, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडल्यानंतरच तो शेवटचा आवळायचा असतो. गॅरेजमध्ये ही पायरी सर्रास वगळली जाते, कारण गाडी जमिनीवर असताना पाना लावायला जागा मिळत नाही. नव्या स्प्रिंगांवर हजारो रुपये खर्चून चाल बिघडल्याच्या तक्रारी ऐकल्या की मला आधी याच बोल्टांची शंका येते.

टायरांचा हिशेबही असाच उलगडतो. या गाडीचा मूळ टायर 195/65 आर-15 आहे आणि त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे 127 मिलिमीटर येते. त्याच व्यासाचा 225/45 आर-17 घातला तर भिंत 101 मिलिमीटर उरते. हेही जवळपास अडीच सेंटिमीटर झाले, आणि तेही सगळ्यात मऊ भागातले. खाली बसवलेली गाडी आणि पातळ टायर या दोन्ही गोष्टी एकत्र करून मऊ चाल मागणे रास्त नाही.

आता रस्त्याकडे. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. 2.8 मीटर चाकअंतराची गाडी त्याच्या बरोबर मध्यावर आली की चारही चाके गतिरोधकाच्या उतारावरच असतात, आणि गाडीच्या पोटाखालची जागा 10 नव्हे, जेमतेम 5.8 सेंटिमीटरने कमी होते. नियमाबरहुकूम गतिरोधक अडीच सेंटिमीटर खाली केलेल्या सेदानला सहसा अडवत नाही. अडवतो तो सोसायटीच्या दारातला अर्धा मीटर रुंदीचा डांबरी वरवंटा, कारण तो आपली पूर्ण उंची वसूल करतो, आणि पुढची चाके त्यावरून उतरताना स्प्रिंग दबते ती वेगळी. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, घासतो तो तिथे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणून स्प्रिंगा मागवण्याआधी आरटीओत विचारणे शहाणपणाचे. कारखान्याच्याच चकत्या अदलाबदल करण्याची वाट मला पसंत असण्याचे हेही एक कारण आहे.

काम झाल्यावर लगेच अलाइनमेंट करून घ्यावे, नव्या स्प्रिंगा थोड्या बसल्यावर पुन्हा तपासावे आणि हेडलाइटचा झोतही नव्याने लावावा. वाव पुरेसा उरला की नाही हे कळण्यासाठी यंत्र लागत नाही. शॉकअॅब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्याभोवती प्लास्टिकचा एक केबल टाय बेताचा घट्ट बांधून तो धडाला टेकवून ठेवायचा आणि घरची चार माणसे बसवून नेहमीच्या रस्त्यांवर आठवडाभर गाडी चालवायची. दांडा जितका आत जाईल तितका टाय वर ढकलला जातो आणि तिथेच थांबतो. बंप स्टॉप कुठे सुरू होतो तिथपर्यंतचे अंतर पट्टीने मोजले की उरलेला वाव मिलिमीटरमध्ये हातात येतो. टाय जाऊन ठोकळ्यालाच चिकटलेला दिसला, तर एक उंचवटा जास्त असलेली चकती घालून गाडी पुन्हा थोडी वर घ्यावी आणि मोजणी नव्याने सुरू करावी.